परतीच्या विद्युतधारेचा इतिहास : कुलाबा–अलिबाग चुंबकीय वेधशाळा ते बहुस्तरीय सर्किट बोर्डातील ग्राउंड प्लेन

सारांश

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला उभारण्यात आली, हा विज्ञानाच्या इतिहासातील परिचित प्रसंग आहे. या प्रसंगाचे वर्णन बहुधा ‘ट्राम विरुद्ध वेधशाळा’ असे केले जाते. ट्रामची वीज रूळ व जमीन यांवाटे परत जात होती आणि ही परतीची वाट कोणाच्याही नियंत्रणात नव्हती, हे त्यामागील मूळ कारण प्रस्तुत निबंधात पुढे मांडले आहे. हाच प्रश्न पुढे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डात उद्भवला. तेथे अंतर ठेवण्याची सोय नसल्याने पॉवर प्लेन व ग्राउंड प्लेन या रचना पुढे आल्या. थळ–अलिबाग किनाऱ्याच्या संदर्भात या दोन उपायांची तुलना येथे केली आहे.

महत्त्वाचे शब्द : अलिबाग वेधशाळा, थळ, भूमार्गे परतणारी विद्युतधारा, ग्राउंड प्लेन, पॉवर प्लेन, तंत्रज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील थळ हे गाव अलिबागच्या उत्तरेस काही किलोमीटरवर समुद्रकाठी वसलेले आहे. गावासमोर खांदेरी व उंदेरी ही जलदुर्गांची जोडी उभी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला थळचा किनारा आठवतो तो १६७९ मधील खांदेरीच्या संघर्षामुळे. औद्योगिक इतिहासात थळचे नाव येते ते राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक उपक्रमाच्या खत कारखान्यामुळे. हा कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्यास येथे उत्पादन करू लागला. थळची आणखी एक ओळख मात्र सहसा नोंदवली जात नाही. मुंबईचा कुलाबा आणि अलिबाग यांच्यामध्ये जे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर आहे, त्या अंतराच्या दक्षिण टोकाशी हा किनारा येतो; आणि विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील एका महत्त्वाच्या वैज्ञानिक नोंदमालेचे रक्षण या अंतराने केले.

इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात ‘ग्राउंड’ ही संज्ञा पहिल्या काही तासांतच येते. आकृतीत तीन आडव्या रेषांचे एक चिन्ह काढले की परतीची वीज कोठे जाते हा प्रश्न संपला, असे विद्यार्थी गृहीत धरतात. प्रत्यक्षात तो प्रश्न तेथे सुरू होतो. वीज ज्या टोकातून निघते त्याच उगमाकडे तिला परत यावेच लागते. जाण्याची वाट सर्वच जण आखतात. परतीची वाट कोणी आखायची आणि ती आखली नाही तर तिचा भार कोणावर पडतो, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. जमीन : परतीची फुकट वाट

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये असे दाखवून दिले की, तारायंत्राला जाण्या-येण्यासाठी दोन तारा लागत नाहीत. दोन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या जमिनीत पुरल्या तर परतीचे काम जमीनच करते. तारेचा निम्मा खर्च वाचवणारी ही युक्ती जगभर स्वीकारली गेली. एकोणिसाव्या शतकातील तारायंत्राचे जाळे इतक्या वेगाने पसरले, त्यामागे या बचतीचाही वाटा होता.

या युक्तीत एक गृहीतक दडलेले होते. जमीन सर्वत्र सारख्याच विभवाची असते आणि तिच्यात कितीही वीज सोडली तरी कोणाला काही फरक पडत नाही, असे ते गृहीतक होते. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी आलेल्या चुंबकीय वादळाने ते उघडे पाडले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील तीव्र बदलांमुळे जमिनीत व लांब तारांत वीज निर्माण झाली. अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड यांच्या दरम्यानच्या तारायंत्र्यांनी काही काळ बॅटऱ्या काढून ठेवून केवळ या नैसर्गिक विजेवर संदेश पाठवले. जमीन हा निष्क्रिय साठा नसून ती स्वतःच विद्युतमंडलाचा एक सक्रिय घटक आहे, हे त्या रात्री स्पष्ट झाले.

दूरध्वनीच्या आरंभीच्या काळातही एकच तार व जमीन अशी जोडणी रूढ होती. शहरांत विजेच्या ट्राम धावू लागताच या दूरध्वनींत इतकी खरखर येऊ लागली की कंपन्यांना दोन तारांच्या जोडणीकडे वळावे लागले. ट्रामची रचना याला कारणीभूत होती. साधारण ५०० ते ६०० व्होल्टची एकदिश वीज डोक्यावरील तारेतून गाडीत येई आणि चाकांवाटे रुळांत उतरून वीजकेंद्राकडे परत जाई. रूळ जमिनीवरच टाकलेले असल्याने विजेचा काही भाग त्यांतून गळून जमिनीत, पाण्याच्या नळांत व गॅसच्या नळांत शिरे. जेथे ती नळांतून बाहेर पडे तेथे लोखंड झिजत जाई. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने ट्रामच्या परतीच्या मार्गावरील कोणत्याही दोन बिंदूंमधील विभवांतर ७ व्होल्टपेक्षा जास्त असू नये, असा नियम केला तो यामुळेच. परतीच्या वाटेची जबाबदारी कायद्याने निश्चित करण्याचा तो आरंभीचा प्रयत्न म्हणता येईल.

३. कुलाब्याहून कुलाबा जिल्ह्यात

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली १८४१ पासून तेथे चुंबकीय निरीक्षणे घेतली जाऊ लागली आणि १८४६ पासून त्यांची सलग नोंद उपलब्ध आहे. मराठी वाचकाला जवळची वाटतील अशी दोन नावे या वेधशाळेशी निगडित आहेत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिची सूत्रे सांभाळली. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांची १८४० मध्ये तेथे नेमणूक झाली. छत्रे हे मूळचे अलिबागजवळील नागावचे. अष्टागरातला एक तरुण १८४० मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेत गेला आणि पुढे सहा दशकांनी ती वेधशाळाच अष्टागरात आली, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे.

१८५९ च्या वादळाच्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी उपकरणांवरील आकडे डोळ्यांनी वाचून हाताने लिहिले. चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट त्यांच्या नोंदीत आढळते. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि ते वादळ ज्ञात वादळांत अत्यंत तीव्र असल्याचे दाखवले. आकड्यांचे महत्त्व त्यांच्या सातत्यात असते. मे २०२४ मध्ये आलेल्या तीव्र वादळाची तुलना १८५९ शी करता येते, कारण मधल्या काळात मोजमापाची साखळी तुटलेली नाही.

ही साखळी तुटण्याचा प्रसंग विसाव्या शतकाच्या प्रारंभी आला. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि ७ मे १९०७ रोजी पहिली विद्युत ट्राम धावली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे १८९६ पासून या पदावर होते. ट्राम धावण्याची वाट न पाहता त्यांच्या कारकिर्दीत अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतींत लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले गेले. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली, त्यामुळे दोन्ही स्थळांमधील कायम फरक निश्चित करता आला. कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेला जोडणारा सांधा या दोन वर्षांत तयार झाला. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या नोंदींचा मूस यांनी संपादित केलेला द्विखंडात्मक ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीत या दोन्ही ठिकाणांची नावे एकमेकांत मिसळतात. मुंबईतील कुलाबा सोडून वेधशाळा आली ती त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात. या जिल्ह्याला रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून मिळाले. मुंबईच्या ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाल्या. अलिबागची वेधशाळा मात्र पुढेही चालू राहिली. १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रूपाने या कार्याला स्वतंत्र संस्थात्मक आधार मिळाला.

४. अंतराचे गणित

ट्रामची वीज वेधशाळेला नेमकी किती बाधक ठरते, हे एका साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. येथे घेतलेले आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत.

डोक्यावरील तारेतून ५०० अँपिअर वीज जात आहे आणि ती पूर्णपणे ६ मीटर खाली असलेल्या रुळांतून परत येत आहे, असे समजू. जाणारी व येणारी वीज विरुद्ध दिशांनी वाहत असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बहुतांशी रद्द करतात. १ किलोमीटर अंतरावर उरणारे क्षेत्र सुमारे ०.६ नॅनोटेस्ला भरते. आता त्यातील केवळ एक दशांश, म्हणजे ५० अँपिअर, रुळांतून गळून जमिनीत दूरवर पसरले असे मानू. तारेतील तेवढ्या विजेला जवळचा जोडीदार उरत नाही. ती एकाकी तारेसारखी वागते आणि १ किलोमीटरवर सुमारे १० नॅनोटेस्लाचे क्षेत्र निर्माण करते. विजेच्या दहाव्या हिश्श्याची परतीची वाट चुकली, एवढ्याने उपद्रव पंधरा पटींहून अधिक वाढला.

अलिबागला पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक ३८,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असतो, तर शांत दिवसातील त्याचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. गाडी सुटताना व थांबताना वारंवार होणारा १० नॅनोटेस्लाचा झटका हा अभ्यासविषयालाच झाकून टाकणारा होता. ३० किलोमीटरवर गेल्यावर, वरील उदाहरणातील उपद्रव अर्ध्या नॅनोटेस्लाच्याही खाली उतरतो. कुलाबा ते अलिबाग या अंतराचे वैज्ञानिक मूल्य ते हेच.

हा अनुभव केवळ मुंबईचा नव्हता. टोरांटोची चुंबकीय निरीक्षणे १८९८ मध्ये अजिनकोर्टला हलली. लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूरला गेले. ग्रिनिचच्या चुंबकीय वेधांना रेल्वेच्या विद्युतीकरणामुळे १९२४ मध्ये अबिंजरला आणि पुढे १९५७ मध्ये हार्टलंडला जावे लागले. पॉट्सडॅमचे काम प्रथम सेडिनला व १९३० मध्ये नीमेकला सरकले. सर्वत्र उपाय एकच होता : जो मोजतो त्याने दूर जावे.

याला दुसरा पर्याय नव्हता असे मात्र नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात दूरध्वनी कंपनीशी झालेल्या वादानंतर ट्रामसाठी डोक्यावर दोन तारा टाकण्यात आल्या. परतीची वीज रुळांत उतरलीच नाही. ग्रिनिच वेधशाळेच्या परिसरातील लंडनच्या काही ट्राममार्गांवरही याच कारणासाठी दोन तारांची पद्धत वापरली गेली. म्हणजेच ट्राम आणि चुंबकसूची यांचे वैर अटळ नव्हते. वैर होते ते न आखलेल्या परतीच्या वाटेशी. मुंबईत अंतराचा मार्ग स्वीकारला गेला. आखलेल्या परतीचा मार्ग पुढे इलेक्ट्रॉनिक्सने स्वीकारला, आणि तोही नाइलाजाने.

५. तारांच्या गुंत्यापासून तांब्याच्या पत्र्यापर्यंत

पॉल आइसलर या मूळच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये तारांऐवजी छापील तांब्याच्या पट्ट्या वापरून रेडिओ तयार केला व १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत नागरी वापरात आली. प्रथम बोर्डाच्या एकाच बाजूला, नंतर दोन्ही बाजूंना पट्ट्या आल्या. छिद्रांच्या आतील भिंतीवर तांब्याचा मुलामा देण्याचे तंत्र स्थिरावल्यावर १९६० च्या दशकात अनेक थर एकमेकांवर चिकटवलेले बहुस्तरीय बोर्ड बनू लागले.

थरांची संख्या वाढली ती केवळ जागा अपुरी पडल्यामुळे नव्हे. संगणकाचा वेग वाढत गेला तसा परतीचा प्रश्न पुन्हा पुढे आला. १९७६ मध्ये आलेल्या क्रे–१ या महासंगणकाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या बोर्डांत पाच थर होते. बाहेरचे दोन थर संदेशांच्या पट्ट्यांसाठी होते; आतील तीनही थर पट्ट्यांना न देता एक ग्राउंडसाठी व दोन वीजपुरवठ्यासाठी राखले होते. पाचांपैकी तीन थर ज्यांतून एकही संदेश ‘जात’ नाही अशा कामाला देणे वरवर पाहता उधळपट्टी वाटते. पण त्या यंत्राचा १२.५ नॅनोसेकंदांचा ठोका या तीन थरांविना विश्वासार्ह राहिला नसता.

महाराष्ट्रात या विषयाला धोरणात्मक महत्त्व आले ते पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी–डॅक, या संस्थेमुळे. महासंगणकांच्या आयातीत अडथळे आल्यानंतर १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा संगणक सिद्ध झाला. परदेशातून चिप विकत आणता येते. पण अनेक चिप एकत्र, वेगाने व बिनचूक चालवायच्या तर बोर्डावरील वीजपुरवठा व परतीची वाट रचण्याचे कसब देशातच असावे लागते.

६. पॉवर प्लेन व ग्राउंड प्लेन यांची रचना

ग्राउंड प्लेन म्हणजे बोर्डाच्या आतील एका संपूर्ण थरावर पसरलेला तांब्याचा अखंड पत्रा. पॉवर प्लेन म्हणजे तसाच, पण वीजपुरवठ्याच्या विभवावर ठेवलेला पत्रा. सर्वसामान्यतः वापरला जाणारा पत्रा ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्यातील कोणत्याही आकाराच्या चौरसाचा, समोरासमोरच्या बाजूंमधील रोध सुमारे अर्धा मिलिओहम भरतो. केवळ रोध कमी करणे एवढेच त्याचे काम असते तर जाड तार पुरली असती. त्याचे खरे कार्य निराळे आहे.

एकदिश वीज कमीत कमी रोधाची वाट शोधते, म्हणून ती पत्र्यावर सर्वत्र पसरते. वेगाने बदलणारी वीज मात्र, साधारण काही दहा ते शंभर किलोहर्ट्झच्या पुढे, ज्याला अभियंते इंडक्टन्स म्हणतात तो कमीत कमी असलेली वाट निवडते. जाणारी व परतणारी वाट यांच्यामधील क्षेत्रफळ जितके लहान, तितका इंडक्टन्स कमी. त्यामुळे परतीची वीज आपोआप संदेशाच्या पट्टीच्या नेमकी खाली, सावलीसारखी, गोळा होते. पट्टी पत्र्यापासून ०.१ मिलिमीटर उंचीवर असेल तर परतीच्या विजेचा सुमारे ८० टक्के भाग पट्टीच्या दोन्ही अंगांना ०.३ मिलिमीटरच्या आत सामावतो. सिनसिनाटीच्या दुसऱ्या तारेने जे साधले तेच येथे प्रत्येक पट्टीसाठी होते, आणि तेही वेगळी तार न आखता.

ट्रामचे गणित बोर्डावर पुन्हा मांडून पाहता येईल. २० मिलिअँपिअरची वीज परतताना ५ सेंटिमीटरचा वळसा घेत असेल, तर १० सेंटिमीटरवरील संवेदकाजवळ सुमारे १० ते २० नॅनोटेस्लाचे क्षेत्र निर्माण होते. तीच वीज ०.१ मिलिमीटर खालून परतली तर ते क्षेत्र काही शतांश नॅनोटेस्लावर येते. दूर जाण्याने जे मिळाले असते ते जवळून परतण्याने मिळाले.

या तत्त्वातून रचनेचे काही नियम निघतात. पहिला नियम अखंडतेचा. पत्र्यात लांब चीर असेल आणि तिच्यावरून पट्टी जात असेल, तर परतीच्या विजेला चिरेला वळसा घालावा लागतो. क्षेत्रफळ वाढते आणि उपद्रव पसरतो. दुसरा नियम थर बदलण्याचा. संदेश एका थरावरून दुसऱ्या थरावर उतरला की परतीच्या विजेलाही एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा मार्ग हवा. दोन्ही पत्रे ग्राउंडचे असतील तर त्यांना जोडणारे छिद्र जवळच द्यावे लागते. एक पत्रा पॉवरचा असेल तर जवळ कपॅसिटर लागतो.

तिसरा नियम पॉवर व ग्राउंड यांच्या सान्निध्याचा. चिपमधील हजारो स्विच एकाच क्षणी उलटतात तेव्हा त्यांना विजेचा अचानक घोट लागतो. दूरचा वीजपुरवठा तितक्या तत्परतेने तो देऊ शकत नाही. हा घोट प्रथम दोन पत्र्यांमधील साठ्यातून व शेजारच्या कपॅसिटरांतून मिळतो. नेहमीच्या ग्लास–इपॉक्सी बोर्डात दोन पत्र्यांमधील अंतर ०.१ मिलिमीटर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९ पिकोफॅरड, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरच्या बोर्डावर जवळपास ४ नॅनोफॅरड इतकी धारणा मिळते. नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या चार थरांच्या बोर्डात मात्र हे दोन पत्रे बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास अंतरावर असतात. तेथे हा लाभ एक दशांशावर येतो आणि भिस्त सुट्या कपॅसिटरांवर ठेवावी लागते. पत्रे आहेत एवढ्याने भागत नाही. ते एकमेकांपासून किती दूर आहेत हेही पाहावे लागते.

चौथा मुद्दा वादग्रस्त राहिला आहे. संवेदकाचा सूक्ष्म संदेश व डिजिटल भागाची गोंगाटी वीज एकत्र येऊ नये म्हणून ग्राउंड प्लेनचे दोन तुकडे करण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. हेन्री ऑट यांच्या १९७६ मधील ग्रंथापासून या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी होत गेली, तसे अनेक तज्ज्ञांचे मत अखंड पत्र्याच्या बाजूने झुकले. पत्रा एकच ठेवावा, घटकांची मांडणी मात्र विभागवार करावी. मग प्रत्येक परतीची वीज आपल्याच पट्टीखाली राहते आणि शेजाऱ्याच्या हद्दीत शिरत नाही. तुकडे करणे हा अंतराचा, म्हणजे अलिबागचा मार्ग आहे. अखंड पत्रा हा आखलेल्या परतीचा मार्ग आहे.

७. थळ–अलिबाग किनारा : दोन्ही उपायांची गरज

यावरून अंतराचा उपाय कालबाह्य झाला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ग्राउंड प्लेनची जादू वेगाने बदलणाऱ्या विजेपुरती आहे. स्थिर किंवा अतिमंद वीज पत्र्यावर पसरतेच, आणि भूचुंबकीय मापनाला नेमका त्याच मंद बदलांशी कर्तव्य असते. म्हणून चुंबकमापकाचा संवेदक त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सपासून लांब केबलवर ठेवतात आणि पुरवठ्याच्या तारा जोडीने पीळ देऊन नेतात. मूस यांनी ३० किलोमीटरवर केलेली योजना लहान प्रमाणात प्रत्येक उपकरणात पुन्हा अवलंबली जाते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण हेही अंतराच्या उपायाचेच उदाहरण आहे. तिच्या ३० तबकड्यांसाठी रेडिओ गोंगाट कमी असलेला परिसर निवडण्यात आला.

दुसऱ्या बाजूला, थळच्या परिसरातील उद्योगजीवन आखलेल्या परतीवर अवलंबून आहे. खत कारखान्यांसारख्या रासायनिक उद्योगांत दाब, तापमान व प्रवाह यांचे संदेश साधारणतः ४ ते २० मिलिअँपिअरच्या दोन तारांच्या मंडलांतून नियंत्रणकक्षाकडे जातात. प्रत्येक संदेशाला स्वतःची परतीची तार असते. यंत्रे व पंप यांनी भरलेल्या आवारात जमीन ही परतीची वाट मानली असती तर एकाही आकड्यावर विश्वास ठेवता आला नसता. किनाऱ्यावरील यांत्रिक बोटींनाही हा नियम लागू आहे. बॅटरीची परतीची वीज इंजिनच्या धातूतून व खाऱ्या पाण्यातून फिरू लागली तर पंख्याचा दांडा व पंखा झिजतो. म्हणून ती स्वतंत्र तारेनेच परत न्यावी लागते. ट्रामच्या रुळांशेजारचे नळ आणि बोटीचा पंखा यांचे दुखणे एकच आहे.

मोठ्या प्रमाणावर हाच विचार महाराष्ट्रातील चंद्रपूर–पडघे या ५०० किलोव्होल्टच्या एकदिश विद्युतवाहिनीत दिसतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या वाहिनीत धन व ऋण असे दोन ध्रुव आहेत. दोन्ही समतोल चालू असताना एकाची वीज दुसऱ्यावाटे परतते आणि जमिनीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पॉवर प्लेन व ग्राउंड प्लेन यांची जोडी बोर्डावर जे करते त्याचाच हा राज्यव्यापी आकार म्हणता येईल.

थळ व अलिबाग यांच्यापुढील खरा प्रश्न येथे उभा राहतो. १९०४ मध्ये मुंबई व अलिबाग यांच्यामधील अंतर कोणी निर्माण केले नव्हते; समुद्र, कोळीवाडे, नारळी-पोफळीच्या वाड्या यांच्या रूपाने ते आयते मिळाले. आता उद्योग, रस्ते, लोहमार्ग व वस्ती या अंतरात सरकत आहेत आणि तसे होणे स्वाभाविक आहे. अंतर आपोआप मिळणार नसेल, तर प्रत्येक नव्या प्रकल्पाने आपली परतीची वाट आखूनच आले पाहिजे. लोहमार्ग, वीजवाहिनी, अर्थिंग यांच्या आराखड्यात हा प्रश्न आरंभीच विचारला गेला, तर वेधशाळेला पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागणार नाही. शिवाय दरवेळी दोन वर्षांच्या समांतर निरीक्षणांची सवड मिळेलच असेही नाही.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) अलिबाग वेधशाळेच्या स्थलांतराला ट्राम निमित्त ठरली, मूळ कारण जमिनीवाटे परतणारी अनियंत्रित विद्युतधारा हे होते. दोन तारांच्या ट्रामची उदाहरणे याला दुजोरा देतात.

२) १९०४ ते १९०६ मधील समांतर निरीक्षणांमुळे कुलाबा–अलिबाग ही नोंदमाला अखंड राहिली. स्थलांतराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व या सांध्याला आहे.

३) बहुस्तरीय बोर्डातील पॉवर व ग्राउंड प्लेन ही त्याच प्रश्नाची अंतराविना केलेली उकल आहे. परतीची वाट जवळ व अखंड ठेवणे हे तिचे सार आहे.

४) मंद व स्थिर विद्युतधारेच्या बाबतीत ही उकल अपुरी पडते. तेथे अंतर व जोडीच्या तारा यांना पर्याय नाही.

५) इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना ‘ग्राउंड’चे चिन्ह काढण्यापूर्वी परतीची वाट प्रत्यक्ष आखून दाखवावी आणि त्यासाठी कुलाबा–अलिबागचे उदाहरण वर्गात वापरावे. पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, इतिहास व भूगोल या चारही विभागांना ते एकत्र अभ्यासता येण्याजोगे आहे. रायगडच्या महाविद्यालयांना तर त्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचीही आवश्यकता नाही.